चार नऊ की तीन नऊ?

मेसेज पाठवणाऱ्या दोन एपीआय सेवांपैकी (म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरला थेट जोडता येणाऱ्या सेवांपैकी) चार नऊंची हमी देणारी घ्यावी की तीन नऊंची, हा पेच अनेकांना पडतो. गेल्या वर्षी त्यात मीही होतो. इंदुरातल्या पाच-सहा पॅथॉलॉजी लॅब माझं सॉफ्टवेअर वापरतात; रिपोर्ट तयार झाला की पेशंटच्या मोबाइलवर लिंक जाते.

पहिल्या कंपनीची एसएलए, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील याची लेखी हमी, ९९.९९ टक्क्यांची (चार नऊ), दुसरीची ९९.९ (तीन नऊ). म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात एकीला चार-सव्वाचार मिनिटं बंद राहायची मुभा, दुसरीला ४३. मी अर्थातच पहिली घेतली. तिचं डॉक्युमेंटेशनही सुरेख. दुसरीचं वाचताना आजही डोकं धरावं लागतं.

पूर्वनियोजित देखभाल त्या चार मिनिटांत धरत नाहीत, हे कलम मी वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. त्यांची देखभाल दर बुधवारी रात्री दोनला, न्यूयॉर्कच्या घड्याळाने. उन्हाळ्यात ते आपले सकाळचे साडेअकरा. उपाशीपोटी रक्त दिलेल्यांचे रिपोर्ट निघायची नेमकी तीच वेळ! नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि आमची कटकट साडेबारावर सरकली. रामबागेतल्या लॅबवाल्या काकांना हे समजावू लागलो, तर म्हणाले, "भिया, अमेरिकेत किती वाजले ते नको सांगू. पेशंट काउंटरवर उभा आहे." वीस-वीस मिनिटं ५०३ ('सेवा सध्या उपलब्ध नाही' हा एरर) यायचा, आणि महिन्याच्या हिशेबात सेवा शंभर टक्के चालू.

एकदा खराच बिघाड झाला. हमी मोडल्याबद्दल बिलात मिळणारी सूट, म्हणजे क्रेडिट, ते आपणहून देत नाहीत. ३० दिवसांत बिघाडाचे लॉग (नोंदी) जोडून मागावं लागतं. बिलाच्या दहा टक्के मिळाले, ऑफिसातल्या चौघांचे पोहे-जलेबी निघाले. सेवा चालू की बंद हे दाखवणारं त्यांचं स्टेटस पान तेव्हाही हिरवंच होतं. तसं २०१७ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही फाइली साठवायची सेवा पडली, तेव्हा त्यांचं स्टेटस पानही तिच्यावरच विसंबलेलं असल्याने बराच वेळ बदलता आलं नव्हतं.

शेवटी दुसरी घेतली. ती थोडी महाग आहे. पण देखभाल ४३ मिनिटांतच मोजते, आणि करते आपल्या पहाटे तीनला. आठ महिन्यांत दोनदा अडखळली. मात्र ५०३ सोबत किती सेकंदांनी परत यायचं तेही सांगते, त्यामुळे आमची मेसेजची रांग थांबते आणि मग निमूट पुढे सरकते. माझ्या पाच-सहा लॅबवरून सगळ्यांचं ठरवू नये, हे खरं. तुमचे ग्राहक अमेरिकेतले असतील तर पहिलीच बरी.

तिचं खातं मीही बंद केलेलं नाही. नव्या मुलांना शिकवायला तिचा सँडबॉक्स (खरे मेसेज न पाठवता सराव करायची जागा) छान आहे.