हाताने मठारलेला ट्रंपेट: भोंगा अव्वल, जोडकामात कसर

या बी-फ्लॅट ट्रंपेटची सगळी मिजास भोंग्यावर आहे, आणि भोंगा त्या लायकीचा आहेही. 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त असं पिवळं पितळ. साधारण अर्ध्या मिलिमीटरचा एकच पत्रा कापून, दुमडून, सांधा झाळून तो घडवलाय. आत उजेड धरला की झाळेची रेघ उभी दिसते. दोन तुकड्यांच्या भोंग्याला गळ्याभोवती आडवा जोडही असतो, तो इथे नाही.

मठारताना पितळ कडक होत जातं, म्हणून मधूनमधून ताव देऊन ते मऊ करावं लागतं. ताव कमी पडला तर काठाला चीर जाते. जास्त झाला तर धातूचे कण फुगून पत्रा संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. इथे दोन्ही नाही. वाकणाच्या आतल्या बाजूलाही सुरकुती नाही, म्हणजे वाकवण्याआधी नळी नीट भरली होती (राळेने भरा की साबणाचं पाणी गोठवा, घाई केली की पितळ चुगली करतंच). काठात वळवलेली तारही घट्ट आहे. टिचकी मारल्यावर झणझण येत नाही.

कळेबरोबर खालीवर होणारे पिस्टन मोनेलचे (निकेल-तांब्याचा मिश्रधातू). कळ न दाबता तिची सरकनळी (आत-बाहेर सरकणारी, दोन पायांची यू-आकाराची नळी) थोडी बाहेर ओढा, पाच सेकंद थांबा, मग कळ दाबा. तिन्हींना 'टप्प' असा स्वच्छ आवाज येतो, हवा गळत नाही. कळेखालचा नमदा मात्र फार मऊ आहे. तो चेपला की पिस्टन जास्त खाली उतरेल, भोकं नळ्यांशी जुळणार नाहीत आणि सूर घुसमटेल.

खरी तक्रार तिसऱ्या सरकनळीची. एकेक पाय वेगळा घातला तर लोण्यासारखा जातो, दोन्ही एकत्र घातले की अडतो. पाय समांतर नसताना तारेने आवळून डाख दिल्याचं हे लक्षण. पहिली आणि तिसरी कळ एकत्र दाबली की नळीची लांबी कमी पडते, म्हणून खालचे डी आणि सी-शार्प हे स्वर चढे लागतात. ते उतरवायला हीच नळी वाजवता वाजवता बाहेर ढकलावी लागते. अडणारी नळी इथे कुचकामी.

घासून सैल करायच्या फंदात पडू नका, हवा गळू लागेल. डाख सोडवून, पाय समांतर करून, ताण न देता पुन्हा जोडणं हाच इलाज, आणि तो घेण्याआधीच विक्रेत्याकडून करून घ्यावा.