पासष्टचं गाजर न दाखवणाऱ्या वकीलबाई : पणजीतल्या एका सल्ल्याचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

ज्यांच्या घरात कुणी कॉलेजात किंवा युनिव्हर्सिटीत शिकवतं आणि रिटायरमेंट वर्षा-दोन वर्षांवर आलीय त्यांनी हे जरूर वाचा. माझी थोरली बहीण एका ग्रँटवाल्या, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खासगी कॉलेजात झूलॉजी शिकवायची. तब्येत ठणठणीत, वर्ग भरलेला, हाताखाली पीएचडीचे दोन विद्यार्थी अर्ध्या वाटेवर, आणि ऑर्डरीवर निवृत्तीची तारीख वयाच्या पासष्टच्या बऱ्याच आधीची. केंद्राच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये 2007 पासून प्राध्यापक पासष्टपर्यंत शिकवतात, मग तेच काम करणाऱ्या ताईला आधी घरी का पाठवायचं, हा तिचा प्रश्न होता आणि मला तो आजही रास्त वाटतो.

पहिले आम्ही गेलो ते वकील वेगळे, त्यांचं नाव गाव काही सांगत नाही. त्यांनी फाईल उघडायच्या आतच सांगून टाकलं की युजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्यांचे नियम म्हणजे सेंट्रल लॉ, राज्याला मानावंच लागतं, हायकोर्टात रिट घालूया, पहिल्याच तारखेला स्टे. ताईचा चेहरा असा खुलला की मला पुढे काही विचारवेना. अॅडव्हान्स घेतला आणि बऱ्याच फोनाफोनीनंतर ड्राफ्ट आला, त्यात पाचव्या पॅराला ताई झूलॉजीची आणि आठव्या पॅराला मॅथेमॅटिक्सची! कुणा दुसऱ्याच्या केसमधला मजकूर उचलून नाव तेवढं बदललेलं. पुढे कळलं की ज्या मुद्द्यावर सगळा भरवसा ठेवला होता तो सुप्रीम कोर्टात कधीच निकालात निघालाय, आणि त्याचा त्या ड्राफ्टमध्ये एका ओळीचा उल्लेख नव्हता. रिटायर होणाऱ्या माणसाच्या आशेवर असं दुकान चालवणं मला अजिबात पटत नाही.

मग ताईच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमनी या वकीलबाईंकडे पाठवलं. यांचंही नाव लिहीत नाहीये पण कारण वेगळं, बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की माझं नाव कुठे टाकू नका. सर्व्हिस मॅटर, म्हणजे नोकरीचे खटले, बघणारे पणजीत मोजकेच आहेत, विचारलंत तर कळेल.

ऑफिस जुन्या घरात, वरच्या मजल्यावर, लाकडी जिना. बाईंनी आमचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि मग ताईला विचारलं, "मॅडम, गोव्याच्या ऑफिशियल गॅझेटात तुमच्या पोस्टसाठी पासष्ट कुठे छापलंय? तेवढं एक पान मला दाखवा." ताईनं युजीसीचे 2010 चे रेग्युलेशन्स पुढे केले. बाई म्हणाल्या, हे नव्हे, राज्यानं स्वीकारल्याचं पान. ते आमच्याकडे नव्हतं, आणि सगळी केस त्या एका पानावर येऊन थांबत होती.

त्यांनी फाईलच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं मधे एक रेघ मारली, डावीकडे केंद्र, उजवीकडे राज्य, आणि सगळं उलगडून सांगितलं. मला समजलं तसं लिहितो. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं 31 डिसेंबर 2008 ला योजना काढली. केंद्रीय संस्थांमधल्या शिक्षकांना पासष्ट, आणि राज्यांना सांगितलं की पूर्ण योजना, निवृत्तीच्या वयासकट, घ्याल तर वाढीव पगाराच्या खर्चाचे 80 टक्के आम्ही देऊ, पण 1 जानेवारी 2006 ते 31 मार्च 2010 एवढ्याच काळापुरते. त्यानंतरचा सगळा बोजा राज्याच्या डोक्यावर. बरीच राज्यं म्हणाली पगार घेतो, वय नको. पुढे 2012 मध्ये केंद्रानंच वयाची अट त्या पैशापासून सोडवली. तरी देशभर शिक्षक कोर्टात गेलेच, कारण मधल्या काळात युजीसीचे 2010 चे रेग्युलेशन्स आले होते आणि सगळ्यांचं म्हणणं हेच की दर्जा ठरवायचा अधिकार घटनेच्या केंद्र सूचीतल्या 66 व्या नोंदीनं केंद्राकडे आहे, म्हणजे वयही केंद्रच ठरवणार.

या सगळ्या केसेस एकत्र होऊन 17 जुलै 2013 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, जगदीश प्रसाद शर्मा विरुद्ध बिहार राज्य. त्यात स्पष्ट सांगितलंय की राज्यानं योजना स्वीकारली नसेल तर पासष्ट आपोआप लागू होत नाही, निवृत्तीचं वय वाढवायचं की नाही हे राज्यानं ठरवायचं. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं, 1998 च्या योजनेत बासष्ट आलं तेव्हाही आंध्रातले शिक्षक असेच गेले होते आणि 2007 मध्ये उस्मानिया युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये हेच उत्तर मिळालं होतं. बाईंनी दोन्ही निकाल प्रिंट काढून, महत्त्वाच्या पॅरांना पिवळ्या चिठ्ठ्या लावून ताईच्या हातात दिले, म्हणाल्या घरी नेऊन वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. शिक्षकाला असं सांगणारा वकील मिळाला की अर्धं काम झालं.

ताई गप्प बसणारी नाही. तिनं विचारलं, मग मध्य प्रदेशवाल्यांना कसं मिळालं? तेही माझ्यासारखेच ग्रँटवाले होते. बाईंचं उत्तर नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथे राज्यानं स्वतःच आपल्या सरकारी कॉलेजांच्या शिक्षकांना पासष्ट दिलं होतं आणि ग्रँटवाल्या खासगी कॉलेजांना वगळलं होतं. म्हणजे त्यांचं भांडण केंद्र मोठं की राज्य मोठं हे नव्हतं, शेजारच्या सरकारी कॉलेजात तेच काम करणाऱ्याला एक न्याय आणि आम्हाला दुसरा का, हे होतं. 2019 मध्ये ते जिंकले, आणि 2022 मध्ये, ज्यांना मधल्या काळात घरी बसवलं होतं त्यांना त्या काळाची थकबाकी द्यायलाही सुप्रीम कोर्टानं सांगितलं. तुमच्याकडे असा शेजारी दाखवता येतो का, बाईंनी विचारलं. नव्हता येत.

मग त्या स्टेबद्दल बोलल्या, आणि हा भाग पहिल्या वकिलांनी आम्हाला कधी सांगितलाच नव्हता. समजा स्टे मिळाला आणि ताई कामावर राहिली, आणि शेवटी केस गेली, तर त्या काळात घेतलेल्या पगाराचा प्रश्न उभा राहतो, परत मागू शकतात. तोपर्यंत पेन्शन सुरू होत नाही, ग्रॅच्युइटी अडकते. आणि स्टे मिळाला नाही तर तारीख उलटून जाते, केस पडून राहते, निकाल येईपर्यंत माणूस पासष्टच्याही पुढे गेलेला असतो. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही त्यानं हे आधी कागदावर मांडून बघायला हवं. बाईंनी आमच्याकडून ते मांडून घेतलं, अक्षरशः पगार किती, पेन्शन किती, कर्ज किती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी ताई जिना उतरताना रडली. मला बाईंचा रागही आला थोडा. पण रात्री ताईनं ते निकाल वाचले, पूर्ण वाचले, आणि सकाळी म्हणाली की मी कोर्टात जात नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. नाही म्हणून सांगितल्यावर बहुतेक जण फी घेऊन मोकळे होतात. बाईंनी विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवंय, पगार की काम? ताई म्हणाली, माझी दोन पोरं अर्धवट राहतील, त्यांचं काय. त्यावर बाईंनी युजीसीचे पीएचडीचे 2022 चे रेग्युलेशन्स काढले. त्यात आहे की निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही, पण आधीच रजिस्टर झालेल्यांना निवृत्तीपर्यंत गाईड करता येतं आणि निवृत्तीनंतर को-गाईड म्हणून राहता येतं, वयाच्या सत्तरीपर्यंत. ताई इतकी वर्षं गाईड असून हे कलम तिला कुणी दाखवलं नव्हतं! बाईंनी तिथेच अर्जाचा मसुदा करून दिला, प्रिन्सिपलांमार्फत, थ्रू प्रॉपर चॅनल, रिटायरमेंटच्या तारखेच्या बऱ्याच आधी. त्यात नवीन मुख्य गाईडचं नाव, विद्यार्थ्यांची संमती, सगळं. ते काम झालं. ताई आता को-गाईड आहे, पोरं घरी येतात, जेवणाच्या टेबलावर स्लाइडचे डबे असतात.

दुसरा अर्ज कॉन्ट्रॅक्टवर पुन्हा नेमणुकीचा. बाईंनी यातला फरक फार छान सांगितला. एक्स्टेन्शन म्हणजे तुमची तीच नोकरी पुढे चालू, तोच पगार, तीच सीनियॉरिटी. पुन्हा नेमणूक म्हणजे निवृत्त झालात, पेन्शन सुरू, आणि आता नव्या अटींवर ठराविक मुदतीचं काम. लोक अर्जात एक्स्टेन्शन लिहितात आणि मागायची असते पुन्हा नेमणूक, मग वरचं ऑफिस नियमात बसत नाही म्हणून एका ओळीत फेटाळतं. ताईचा हा अर्ज काही पास झाला नाही. तिची पोस्ट अजून भरलेली नाही, तिचे तास लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, एका मुलीला दिलेत. त्या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही, नेट पास आहे, वर्षानुवर्षं अशीच फिरतेय, आणि पासष्टच्या विरोधात जो मुद्दा राज्यं कोर्टात मांडतात की तरुणांच्या जागा अडतात तो तिच्याकडे बघितलं की पटतो. पण मग जागा रीतसर भरा ना! म्हातारे जाऊनही तरुणांना पक्की नोकरी मिळत नसेल तर वय न वाढवण्याचं हे कारण कुणाच्या कामाचं? मला यावर फार चीड येते.

फीबद्दल. आम्ही पहिल्या ठिकाणी अॅडव्हान्स म्हणून जेवढं दिलं त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमीत इथे लेखी ओपिनियन आणि दोन्ही अर्ज झाले. ओपिनियन सहीशिक्क्यासह, इंग्रजीत, आणि ते घरच्यांना कळावं म्हणून सगळं तोंडी मराठीत, अधूनमधून कोंकणी. आमच्या आईलाही समजलं.

अर्धा गुण का कापला तर फोन उचलत नाहीत. मेसेजला उत्तर येतं पण रात्री उशिरा, आणि रिटायरमेंट जवळ आलेल्या माणसाचा एकेक दिवस कसा जातो ते त्यांना कळायला हवं. बसायला दोनच खुर्च्या आहेत, आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जिन्यावर बसले होते, हे बरं दिसत नाही. पावतीसाठीही आठवण करावी लागली, दिली मात्र लगेच.

जाणार असाल तर निदान वर्षभर आधी जा, शेवटच्या महिन्यात जाऊन कुठलाच वकील काही करू शकत नाही. नेमणुकीची ऑर्डर, कन्फर्मेशनची ऑर्डर, सर्व्हिस बुकाची कॉपी, कॉलेजच्या ग्रँटचे नियम आणि पीएचडीचे विद्यार्थी असतील तर त्यांची रजिस्ट्रेशन पत्रं, सगळ्याचे झेरॉक्सचे दोन सेट न्या, ओरिजिनल त्या ठेवून घेत नाहीत. लायब्रेरियन किंवा पीटीचे डायरेक्टर असाल तर ते आधीच सांगा, कारण केंद्राच्या त्या 2008 च्या योजनेतसुद्धा पासष्ट तुमच्यासाठी नव्हतंच. सकाळी त्या पर्वरीला हायकोर्टात असतात, त्यामुळे वेळ संध्याकाळची मागा, आणि गुडघे दुखत असतील तर खालूनच मेसेज करा, त्या स्वतः खाली उतरून येतात.