चरबीच्या अनेक गाठी: सोनोग्राफी की एमआरआय?

विशी-तिशीत हातांवर, पोटावर, मांड्यांवर मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी एकामागून एक येऊ लागल्या, तर आधी घरात आणखी कोणाला आहेत का ते विचारावे. हा प्रकार बऱ्याचदा आनुवंशिक असतो.

त्वचेखालच्या लहान गाठींना सोनोग्राफी पुरते. एकाच बैठकीत अनेक गाठी पाहून होतात, डॉप्लरवर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी पद्धत) गाठीतला रक्तप्रवाहही दिसतो. साध्या लायपोमात (चरबीच्या निरुपद्रवी गाठीत) तो जवळजवळ नसतो. तरुणाच्या हातावरची गाठ दाबल्यावर दुखत असेल, तर अँजिओलायपोमा (रक्तवाहिन्या जास्त असलेली चरबीची गाठ) आठवावा. पण स्नायूच्या आवरणाखाली शिरलेल्या गाठीची हद्द सोनोग्राफीत नीट कळत नाही.

तिथे एमआरआय हवा. गाठ 5 सेंमीहून मोठी, खोल, घट्ट किंवा झपाट्याने वाढणारी असेल तर तो शस्त्रक्रियेआधीच करावा. एमआरआयमध्ये चरबीचा सिग्नल मुद्दाम दडपल्यावर साधा लायपोमा सगळा काळा पडतो. गाठीच्या आत 2 मिमीहून जाड पडदे किंवा चरबी नसलेले भाग उठून दिसले, तर लायपोसार्कोमाची (चरबीच्या पेशींच्या कर्करोगाची) शंका घेऊन सुईने बायोप्सी घ्यावी. अशी गाठ न तपासता कापली तर कर्करोगाच्या पेशी मागे राहू शकतात आणि दुसरी शस्त्रक्रिया अवघड होते.

प्रत्येक गाठीचा एमआरआय मात्र करू नये; इतरांपेक्षा वेगळी वागणारी तेवढीच निवडावी.