लायपोसक्शननंतरचा लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज

पोटाच्या लायपोसक्शननंतरची (चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची) सूज उतरावी म्हणून शल्यचिकित्सकांच्या परवानगीने मी हा मसाज घेतला. नाव मसाजचे असले, तरी अंग रगडून घेण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशाच होईल. कारण लसिका (लिम्फ, म्हणजे ऊतींमधून गोळा होणारा द्रव) वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांचे सूक्ष्म जाळे त्वचेच्या लगेच खाली असल्याने थेरपिस्टचा हात त्वचा केवळ हलकेच ताणतो आणि सोडतो. सुरुवातही पोटापासून नव्हे, तर गळ्याच्या हाडावरील खळगीपासून झाली, कारण लसिका अखेरीस त्याच भागातील शिरांमध्ये मिसळते. १९३० च्या दशकात व्होडर या डॅनिश दांपत्याने विकसित केलेली पद्धत ती हीच.

ताप, जंतुसंसर्ग, पायातील रक्ताची गुठळी, हृदयविकार यांची चौकशी हात लावण्यापूर्वीच झाली, हे मला सर्वांत आवडले. ताण आणि जडपणा प्रत्येक वेळी कमी झाला, कम्प्रेशन गारमेंट (दाब देणारा घट्ट पोशाख) घालणे सुसह्य झाले. त्वचेखालच्या कठीण गाठींवर मात्र विशेष परिणाम जाणवला नाही. स्वागतकक्षात ‘उरलेली चरबीही वितळेल’ असे सांगून पॅकेज गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला, तो खटकला. चरबी अशी वितळत नसते. कोणी टाक्यांतून द्रव पिळून काढू लागल्यास तत्काळ उठावे, कारण साचलेला द्रव सुईने काढायचा की नाही, हे शल्यचिकित्सकांनीच ठरवायचे असते.