वदरिंग हाइट्सचा सातबारा

आधी तक्रार. माझी कॉलेजातली प्रत वाळवीनं खाल्ली, म्हणून यंदा एमिली ब्राँटीची 'वदरिंग हाइट्स' नव्यानं ऑनलाइन मागवली. १९९ रुपये. किंमत बघूनच शहाणं व्हायला हवं होतं. अक्षर मोहरीएवढं, समास जवळजवळ नाहीच, ओळींची टोकं बांधणीत घुसलेली. शंभराव्या पानाच्या आसपास जरा उघडून धरली तर डिंक सुटून आठ पानांचा जुडगा हातात आला. वर मलपृष्ठावर लिहिलंय, 'एक अमर प्रेमकथा'. पानं फेव्हिकॉलनं चिकटवली. मलपृष्ठाला इलाज नाही.

मला विचाराल तर ही भाऊबंदकीची कादंबरी आहे, आणि हे मी अधिकारानं सांगते. तालुक्याच्या गावी कचेरीसमोर मी दस्त लिहिते. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. आधी तिथं वडिलांचं टेबल होतं आणि टाइपरायटर होता. आता माझं टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक रुसका प्रिंटर. मधे इंग्रजी घेऊन बी. ए. केलं, ते कशाला केलं असं लोक अजून विचारतात. पावसाळ्यात माणसं लावणीत गुंतलेली असतात, गिऱ्हाईक कमी. त्यात लाइट गेली की छापायचंही काही नाही. तेवढ्यात वाचते. 'वदरिंग' म्हणजे वाऱ्याचं घोंगावणं. ते समजायला आमच्याकडे जुलैत शब्दकोश लागत नाही.

१९९१ साली टी. वाय.ला पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिच्या नायकाच्या, हीथक्लिफच्या प्रेमात होते. आम्ही तिघी होतो. 'मी म्हणजेच हीथक्लिफ' हे त्याच्यावर जीव असलेल्या कॅथरीनचं वाक्य तिघींच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर होतं. पुस्तकाची प्रकरणं चौतीस. सोळाव्यात कॅथरीन मरते आणि माझ्यापुरतं पुस्तक तिथंच संपलं. पुढचं परीक्षेपुरतं, गाइडातून. सिनेमावाल्यांनी तरी वेगळं काय केलं? १९३९चा लॉरेन्स ऑलिव्हिएचा सिनेमा दुसऱ्या पिढीला हातच लावत नाही. त्यातली कॅथी झालेली मर्ल ओबेरॉन मूळची मुंबईत जन्मलेली, आणि ही गोष्ट तिनं जन्मभर लपवली. आपल्याकडे दिलीपकुमारनं १९६६ साली 'दिल दिया दर्द लिया'मध्ये याच हीथक्लिफचा शंकर केला. थोडक्यात, या माणसाच्या प्रेमात पडणारी मी काही पहिली नव्हे.

आता चौपन्नाव्या वर्षी वाचताना एकही माणूस आवडेना. खरंच एकही. पहिल्याच काही पानांत लॉकवूड नावाचा सभ्य भाडेकरू स्वप्नात खिडकीबाहेरच्या पोरीचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, रक्तानं अंथरूण भिजेपर्यंत. हा तर पाहुणा. घरच्यांचं काय सांगावं! कॅथरीनचा भाऊ हिंडली दारू पिऊन स्वतःचं तान्हं पोर जिन्याच्या कठड्यावरून सोडतो. हीथक्लिफ खाली उभा असतो, हात आपसूक पुढे होतात आणि तो पोराला झेलतो. झेलल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं? पश्चात्ताप. वैऱ्याचं पोर आपण वाचवलं याचा. असला प्रसंग लिहिणारी बाई तिशीत गेली, कादंबरी आल्यावर वर्षभरात. म्हणजे लिहिलं तेव्हा आणखी लहान. मी त्या वयात गहाणखताचे नमुने पाठ करत होते.

ज्या रात्री हीथक्लिफ घरात येतो ते पान मी तीनदा वाचलं. हिंडली-कॅथरीनचा बाप, म्हातारा अर्नशॉ, लिव्हरपूलला पायी गेलाय, जायला साठ मैल, यायला साठ. मुलांनी खाऊ सांगितलाय तसा: हिंडलीला फिडल, कॅथरीनला चाबूक, आणि घरात वाढणाऱ्या नेलीला खिसाभर सफरचंदं नि पेअर. तो येतो ते कोटात गुंडाळलेलं एक काळंसावळं, फाटकं पोर घेऊन. त्या गडबडीत फिडल मोडलंय, चाबूक हरवलाय. हिंडली मोठ्यानं रडतो, कॅथरीन त्या पोरावर थुंकते. आणि नेली, जी पुढे आपल्याला सगळी गोष्ट सांगणार आहे, ती त्याला रात्री जिन्याच्या चौकात ठेवून देते. सकाळपर्यंत निघून गेलं तर बरं, म्हणून. खाऊ हुकला एवढ्यावरून तीन पिढ्यांचं वैर! अतिशयोक्ती वाटत असेल तर एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन बसा. एका फणसाच्या झाडावरून सोळा वर्षं चाललेला दावा मला माहीत आहे. झाड मधेच पडलं, दावा चालू आहे.

पुढे शेजारच्या ग्रेंज नावाच्या घरी, लिंटनांच्या दिवाणखान्यात, म्हातारा लिंटन या पोराला न्याहाळून म्हणतो, लास्कर दिसतोय, नाहीतर कुणी अमेरिकन किंवा स्पॅनिश. लास्कर म्हणजे कंपनीच्या जहाजांवरचा आपल्याकडचा खलाशी. माझे आजोबा बोटीवर होते, बॉयलरला कोळसा मारायला. त्यांची खलाशाची वही अजून ट्रंकेत आहे. विसाव्या वर्षी तो शब्द मी सरळ ओलांडून गेले होते. या खेपेला पुस्तक मांडीवर पालथं घालून बराच वेळ पागोळ्यांकडे बघत बसले.

पण म्हणून हीथक्लिफबद्दल माया वाटावी, तर ब्राँटीबाई तीही सोय ठेवत नाही. लिंटनांच्या मुलीला, इझाबेलाला, पळवून नेतो त्या रात्री तो तिचं कुत्रं टांगून जातो.

आता इस्टेट. हे दुसऱ्या वाचनाचं खरं बक्षीस. हिंडलीला जुगाराचं वेड. हीथक्लिफ त्याला पैसा पुरवतो आणि जमिनीचा तसू न् तसू गहाण घेतो. हिंडली मेला की घर गहाणदाराचं, आणि हिंडलीचा मुलगा हेअरटन स्वतःच्याच घरात बिनपगारी गडी. त्याला अन्याय झाल्याचा पत्ताही नाही. ग्रेंजची भानगड याहून बारीक. म्हाताऱ्या लिंटननं मृत्युपत्रात असं बांधून ठेवलंय की त्याचा मुलगा एडगर, म्हणजे कॅथरीनचा नवरा, याला मुलगा नसेल तर जमीन त्याच्या मुलीकडे जायची नाही. बहीण इझाबेला आणि मग तिच्या मुलाकडे जायची. इझाबेलाचा मुलगा कुणाचा, तर हीथक्लिफचा. म्हणून तो त्या रडक्या, आजारी पोराचं लग्न एडगरच्या मुलीशी, धाकट्या कॅथीशी, तिला घरात कोंडून लावतो. एडगर मरणाच्या दारात वकिलाला बोलावतो, मुलीचा पैसा विश्वस्तांकडे सोपवायला. वकील फितूर. तो येतो, पण एडगर गेल्यावर. पोरगं मरताना सगळी जंगम मालमत्ता बापाला लिहून देतं. अज्ञान असल्यामुळे जमीन त्याला लिहून देता येत नाही. मग जमिनीचं काय? हीथक्लिफ ताबा धरून बसतो. कॅथीकडे ना पैसा ना माणसं, कोण उठवणार त्याला? कागदात एक, ताब्यात एक! मी हे वाचून एकटीच हसले. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं वळून बघितलं.

सी. पी. सँगर नावाच्या एका वकिलानं १९२६ साली या कादंबरीतल्या तारखा, वंशावळ आणि वारसाचे कायदे एकेक करून तपासले होते, आणि बाईचा हिशोब पक्का निघाला. यॉर्कशरच्या माळावर पाद्र्याच्या घरात राहणारी मुलगी, आणि गहाण, वारसा, नवऱ्याचा हक्क यांची अशी जाण! १८४७ साली पुस्तक आलं ते एलिस बेल या नावानं, बाईचं नाव झाकून. पुढे वहिवाटीनं ही प्रेमकथा झाली.

आणि नेली डीन. मघा म्हटलं एकही माणूस आवडेना, त्यात सगळ्यात जास्त जिचा राग आला ती ही. पहिल्या वाचनात ती मला दिसलीच नव्हती. गोष्ट सांगणारी मोलकरीण, एवढंच. आता बघा. कॅथरीन स्वयंपाकघरात तिला सांगतेय की हीथक्लिफशी लग्न करणं मला कमीपणाचं आहे. हीथक्लिफ बाकावर बसून ऐकतोय. तो उठून निघून जातो ते नेलीला दिसतं. 'मी म्हणजेच हीथक्लिफ' हे त्याच्यानंतर येतं. नेली त्या क्षणी बोलत नाही. रात्री बोलते, तोवर तो गेलेला असतो, तीन वर्षांसाठी. पुढे कॅथरीन तीन दिवस खोली बंद करून उपाशी असते. खाली एडगर पुस्तकं वाचत बसलाय, नेली त्याला सांगत नाही. प्रत्येक वेळी तिच्याकडे कारण असतं, आणि प्रत्येक वेळी ते पटण्यासारखं असतं. ती वाईट बाई नाही. ती मधली बाई आहे. सगळ्यांचं तिला माहीत, आणि कुणाला किती सांगायचं ते ती ठरवते.

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एक बहीणभाऊ हक्कसोडपत्राला आले होते. बहीण मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आलेली, मांडीवर डबा. प्रिंटर अडकला होता म्हणून दहा मिनिटं गेली. तेवढ्यात ती मला म्हणाली, "ताई, यात नक्की काय लिहिलंय हो?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "काही नाही गं, वारसाची सही नुसती." दस्त मी टाइप केलेला. घर, आगर, तेरा कलमं, सगळं मला पाठ. मी म्हटलं, "पेन आहे ना तुमच्याकडे?"

नेलीची पानं मी त्यानंतर फार सावकाश वाचली.

असो, परीक्षण पुरं करते. आवडत्या माणसाखेरीज कादंबरी वाचवत नसेल तर या वाटेला जाऊ नका. घ्यायची असेल तर जरा जास्त पैसे घालून वंशावळ आणि टिपा असलेली प्रत घ्या. वंशावळ लागतेच, कारण कॅथरीन दोन, आणि लिंटन हे एकाचं आडनाव तर दुसऱ्याचं नाव. टिपा लागतात त्या जोसेफसाठी. हा म्हातारा गडी असं ठेठ यॉर्कशरी बोलतो की एमिली गेल्यावर १८५०च्या आवृत्तीत तिच्या बहिणीनं, शार्लटनं, त्याची बोली वाचकांसाठी सोपी केली. मूळ बोलीची प्रत मिळाली तर तीच घ्या. मोठ्यानं वाचली की कळते, आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांची कळते तशी.

हीथक्लिफ शेवटी म्हणतो की मृत्युपत्र अजून केलेलं नाही, ही मालमत्ता कुणाला ठेवावी ते ठरत नाही, पृथ्वीवरून पुसून टाकता आली तर बरं. अशी माणसं मी पाहिलीत. तो मृत्युपत्र न करताच जातो, उघड्या खिडकीशी, पावसात भिजलेला, आणि डोळे काही केल्या मिटत नाहीत. हेअरटन आणि कॅथीला घर परत मिळतं. तरी या सगळ्यांना पुरून उरतो तो जोसेफ. शेवटाकडे तो संध्याकाळी बाजारातून येतो, टेबलावर आपलं भलंथोरलं बायबल उघडतो आणि दिवसभराच्या व्यवहाराच्या मळक्या नोटा त्याच्या पानांवर पसरून ठेवतो.