नौपाड्यातला जहाल राजकारणाचा अभ्यासवर्ग : चिठ्ठ्या फक्कड, दुपार कच्ची

माणसं जहाल राजकारणाकडे का वळतात? ‘डोकं फिरलंय’ म्हणून आपण मोकळे होतो. नौपाड्यातला हा एका दिवसाचा वर्ग वळणाऱ्याच्या जागी बसवून जमाखर्च मांडायला लावतो. शुल्क ६०० रुपये, चहा-वडापाव त्यातच. ठाणे स्टेशनहून पश्चिमेला चालत जा. शनिवारी राम मारुती रोडला गाडी लावायला जागा मिळाली तर लॉटरीच.

पैसे वसूल होतात ते चिठ्ठ्यांच्या खेळात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे उंबरठ्याचं गणित. ३० जणांना ० ते २९ आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटतात. आपल्या आकड्याइतके लोक उभे दिसले की आपण उठायचं. शून्यवाला आपणहून उठतो, त्याला पाहून एकवाला, मग दोनवाला; बघता बघता सगळी खोली उभी. दुसऱ्या फेरीत १ची चिठ्ठी काढून तिथे आणखी एक २ ठेवतात. शून्यवाला उठतो आणि एकटाच ओशाळून उभा राहतो. बाकी २९ चिठ्ठ्या त्याच! दंगल पेटली म्हणजे अख्खा जमाव कडवा होता, हे म्हणणं मग जड जातं.

खेळ फसतो तो मोजणीत. स्वतःला धरून मोजणारा दोनवाला एकालाच पाहून उठतो आणि दुसरी फेरी वाया जाते. २६ जणच आले तर वरच्या चार चिठ्ठ्या आधीच काढायला हव्यात, नाहीतर मधला एखादा आकडा गायब होऊन साखळी तिथेच तुटते. खुर्च्याही रांगेत नकोत, गोल हव्यात. मागे कोण उठलंय हे पुढच्याला दिसलंच नाही तर गणित हलत नाही.

नंतर अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांचा १९६५चा प्रश्न येतो: फायदा सगळ्यांना मिळणार असेल, तर झीज मी का सोसू? अर्थतज्ज्ञ लॉरेन्स इयानाकोन यांनी कडक धर्मपंथांबाबत दिलेलं उत्तर इथे लावतात. वेश, आहार, बाहेरच्यांशी संबंध यांवरचे निर्बंध चाळणीचं काम करतात. फुकटे गळतात, उरलेल्यांना एकमेकांचा भरवसा मिळतो. सरावाला दांडी मारणाऱ्याला थरात न घेणारं गोविंदा पथक हा दाखला ठाणेकरांना चटकन पटतो. पथक जहाल नसतं, एवढं मात्र सांगून टाकायला हवं होतं.

नेत्यांच्या चढाओढीसाठी श्रीलंका निवडली, ही निवड अचूक. १९५६च्या निवडणुकीत विरोधी नेते बंदरनायके ‘राजभाषा फक्त सिंहली’ म्हणाले, तेव्हा सत्ताधारी पक्षानेही तीच बोली लावली आणि तरीही आपटला. १९५७ मध्ये, पंतप्रधान झाल्यावर, बंदरनायकेंनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तमिळांना सवलती देणारा करार केला. पुढच्याच वर्षी दबावाखाली मोडला. १९५९ मध्ये एका बौद्ध भिक्खूने त्यांची हत्या केली. एकदा बोली चढवली की खाली उतरणं किती महाग पडतं, ते यात स्वच्छ दिसतं.

दुपार मात्र ढिली. स्लाइडवर ‘बेरोजगारी म्हणजे कडवेपणा’ असं समीकरण आणि खाली जर्मनीतल्या नाझींची मतं: १९२८ मध्ये २.६ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर. आकडे बरोबर, अर्थ घाईचा. खुद्द बेरोजगार तुलनेने कम्युनिस्टांकडे जास्त झुकले. नाझींना मोठी साथ प्रोटेस्टंट गावांची आणि छोट्या स्वयंरोजगारवाल्यांची होती. राज्यशास्त्रज्ञ रसेल हार्डिन यांच्या मुद्द्याला तर जेमतेम दहा मिनिटं: माहिती एकाच गोटातून येत असेल, तर सरळ डोक्याचा माणूसही तिच्यावरून कडव्या निष्कर्षाला पोचतो. हा भाग सकाळी, चिठ्ठ्यांच्या पाठोपाठ घ्यायला हवा.

टिपणांच्या झेरॉक्सवर आलेख काळे ठिक्कर आहेत. मूळ फाइल मागा, देतात.