विंडोज बसवणे आणि अपडेट करणे: तीन मार्ग आणि त्यांचे तीन प्रकारचे बिघाड

कार्यालयातील संगणकांवर विंडोज बसवण्यासाठी आणि नंतर ती अपडेट करत राहण्यासाठी कोणते साधन घ्यावे, हा निर्णय बहुधा सुविधांच्या यादीवरून घेतला जातो. त्या यादीत सगळीच साधने सरस दिसतात, कारण सुरळीत दिवशी सगळीच काम करतात. खरा फरक कळतो तो तीनशेपैकी चाळीस यंत्रे अपडेट घेत नाहीत त्या दिवशी. बिघाड कुठे दिसतो, तो दिसण्यासाठी कोणती नोंद उघडावी लागते आणि ती वाचू शकणारी व्यक्ती आपल्याकडे आहे का, हे प्रश्न तेव्हा सुविधांपेक्षा वजनदार ठरतात. पुढील तुलना याच अंगाने केली आहे. पर्याय तीन आहेत: विंडोज सर्व्हरसोबत येणारी, संस्थेतील यंत्रांना अपडेट वाटणारी डब्ल्यूएसयूएस आणि तिच्या जोडीला इमेज (विंडोजची तयार प्रत) बसवण्याची जुनी साधने, कॉन्फिगरेशन मॅनेजर (स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्थापन यंत्रणा), आणि इंट्यून (क्लाउडवरून यंत्रे सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) व ऑटोपायलट (तिच्या जोडीने नवे यंत्र तयार करणारी सोय).

नव्या यंत्रावर विंडोज बसवणे

जुन्या पद्धतीचा निकाल लवकर लावता येतो. नेटवर्कवरून यंत्र सुरू करून देणारी डब्ल्यूडीएस सेवा आणि तिच्यासोबत वापरली जाणारी, विंडोज बसवण्याच्या पायऱ्या आखणारी एमडीटी ही जोडी वर्षानुवर्षे विनाखर्च उत्तम चालली. मात्र एमडीटीची ८४५६ ही आवृत्ती जानेवारी २०१९ मधील आहे आणि विंडोज ११ तिच्या अधिकृत आधारात नाही. विंडोज ११ च्या माध्यमातील मूळ बूट फाइल थेट डब्ल्यूडीएसमधून चालवून विंडोज बसवण्याचा मार्गही मायक्रोसॉफ्टने बंद केला आहे. अनेक ठिकाणी ही जोडी डागडुजी करून चालवली जाते; परंतु आज नव्याने निर्णय घेणाऱ्याने तिचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टास्क सीक्वेन्स, म्हणजे विंडोज बसवण्याच्या पायऱ्यांची ठरलेली मालिका, चालतो आणि त्याची प्रत्येक पायरी एसएमएसटीएस नावाच्या लॉगमध्ये नोंदवली जाते. नवख्या माणसाला चकवणारी बाब अशी की हा लॉग एका जागी राहत नाही. डिस्क फॉरमॅट होण्यापूर्वी तो विंडोज पीईच्या (बसवणीपुरत्या छोट्या विंडोजच्या) एक्स ड्राइव्हवरील तात्पुरत्या फोल्डरमध्ये असतो, नंतर सी ड्राइव्हवरील टास्क सीक्वेन्सच्या फोल्डरमध्ये जातो आणि काम संपल्यावर सीसीएमच्या (यंत्रावरील कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या) लॉग फोल्डरमध्ये येऊन विसावतो. त्यामुळे बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला याचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि लॉग त्यानंतर सापडतो.

येथील एक नमुनेदार बिघाड जवळून पाहण्यासारखा आहे. यंत्र नेटवर्कवरून सुरू होते, विंडोज पीईची पार्श्वभूमी दिसते, नेटवर्क तयार होत असल्याचा संदेश क्षणभर झळकतो आणि काहीही न सांगता यंत्र पुन्हा सुरू होते. बहुतेक वेळा कारण एवढेच असते की त्या मॉडेलच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये (विंडोज पीईच्या फाइलमध्ये) नाही, त्यामुळे यंत्राला आयपी पत्ता मिळत नाही आणि सर्व्हरकडून पॉलिसी (काय करायचे याचे आदेश) आणता येत नाही. एफ८ दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि आयपीकॉन्फिग चालवले की निदान मिनिटभरात होते. पण एफ८ ची सोय बूट इमेजमध्ये आधीच चालू केलेली असावी लागते. नसेल तर हा मिनिटभराचा शोध अर्धा दिवस खातो. आयपी पत्ता व्यवस्थित मिळूनही पॉलिसी येत नसेल, तर यंत्राच्या बायोसमधील तारीख आणि वेळ तपासावी. बराच काळ पेटीत पडून राहिलेल्या यंत्रांचे घड्याळ भलतेच वर्ष दाखवते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी तिथेच अडते.

यंत्र विंडोज पीईपर्यंत पोहोचतच नसेल, तर दोष सहसा नेटवर्कच्या मांडणीत असतो. आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या ६६ आणि ६७ या पर्यायांत एकच बूट फाइल लिहून ठेवली की नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होणारी आणि जुन्या बायोसची यंत्रे एकत्र चालत नाहीत. राउटरवर आयपी हेल्पर (यंत्राची विनंती योग्य सर्व्हरकडे धाडणारी सेटिंग) लावणे हा यावरचा बरा मार्ग आहे, परंतु त्यासाठी नेटवर्क सांभाळणाऱ्यांचे सहकार्य लागते आणि ते मिळवण्यात तांत्रिक कामापेक्षा अधिक वेळ जाऊ शकतो.

ऑटोपायलटची कल्पनाच निराळी आहे. ते विंडोज बसवत नाही. कारखान्यातून आलेल्या विंडोजवर संस्थेची सेटिंग आणि सॉफ्टवेअर चढवते. त्यामुळे पीएक्सई (नेटवर्कवरून यंत्र सुरू करणे), बूट इमेज आणि ड्रायव्हर हे सारे प्रकरण निघून जाते. त्याच कारणाने डिस्क बदललेल्या किंवा विंडोज पार बिघडलेल्या यंत्रावर ऑटोपायलट एकट्याने काही करू शकत नाही. विंडोज परत बसवण्यासाठी यूएसबी किंवा विक्रेत्याचे पुनर्प्राप्ती माध्यम लागतेच, हे निर्णय घेताना विसरले जाते. मदरबोर्ड बदलला की यंत्राची हार्डवेअर ओळखही बदलते आणि जुनी नोंद काढून नवी करावी लागते.

ऑटोपायलटचे बिघाड नोंदणीच्या प्रगती पडद्यावर अडकतात. या पडद्याची मुदत मूळ सेटिंगनुसार ६० मिनिटे असते. त्यात आवश्यक ठरवलेली सर्व सॉफ्टवेअर बसली नाहीत, तर वापरकर्त्याला केवळ काहीतरी चुकले एवढेच कळते. कारण बहुधा इन्स्टॉलरमध्ये नसते, ओळख नियमात असते. सॉफ्टवेअर बसलेले असते, पण ज्या फाइलवरून किंवा आवृत्तीवरून ते बसल्याचे ठरवायचे, तो नियम चुकीचा लिहिलेला असतो. विन३२ पद्धतीची आणि साधी एमएसआय पद्धतीची पॅकेजे एकाच वेळी बसवायला दिली, तर ती एकमेकांच्या वाटेत येतात. माझ्या मते या पडद्यावर अत्यावश्यक म्हणून सुरक्षा सॉफ्टवेअर आणि फार तर आणखी एखादे पॅकेज ठेवावे. उरलेले सगळे डेस्कटॉप दिसल्यानंतर बसू द्यावे.

अपडेट

डब्ल्यूएसयूएसचे आकर्षण उघड आहे: विंडोज सर्व्हरचा परवाना असेल तर ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही आणि प्रत्येक अपडेटला मंजुरी देण्याचा अधिकार आपल्या हाती राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले. तरीही विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये ती आहे आणि चालते. म्हणजे ती आज मोडीत निघालेली नाही, पण तिच्यात नवे काही येणारही नाही.

तिचा नेहमीचा आजार म्हणजे फुगलेला डेटाबेस. कालबाह्य झालेली अपडेट नाकारली नाहीत, सफाई केली नाही आणि इंडेक्स पुन्हा बांधले नाहीत, की यंत्रांच्या प्रत्येक चौकशीला उत्तर देणे सर्व्हरला जड जाऊ लागते. आयआयएस या वेब सर्व्हरमधील तिच्या ॲप्लिकेशन पूलला (तिचे काम चालवणाऱ्या प्रक्रियेला) मूळ मर्यादा १८,४३,२०० केबी, म्हणजे सुमारे पावणेदोन जीबी मेमरीची असते. ती ओलांडली की पूल बंद पडतो, यंत्रांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हे उत्तर मिळते आणि अपडेटच्या पडद्यावर ८०२४४०२२ हा त्रुटी-क्रमांक दिसतो. पूल पुन्हा सुरू केला की थोडा वेळ सगळे ठीक भासते. मग अडून राहिलेली सगळी यंत्रे एकदम चौकशीला येतात आणि तो पुन्हा कोसळतो. मर्यादा ४ जीबी किंवा त्याहून अधिक करणे हा तात्पुरता उपाय आहे. जुनी अपडेट नाकारणे हा कायमचा उपाय आहे, आणि तो वेळापत्रकात बसवलेला नसेल तर ही सेवा घेऊच नये.

दुसरा बिघाड विचित्र दिसतो. कन्सोलमध्ये यंत्रांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी असते. एक यंत्र दिसू लागले की दुसरे गायब होते. सिसप्रेप (प्रतीतली यंत्राची ओळख पुसणारी पायरी) न करता एकाच इमेजच्या प्रती काढल्यामुळे अनेक यंत्रांकडे तीच ग्राहक-ओळख असते आणि सर्व्हर त्या सगळ्यांना एकच समजतो. रजिस्ट्रीतील ती ओळख पुसून अपडेट सेवा पुन्हा सुरू केली की प्रश्न सुटतो.

सुरक्षेची बाबही येथे नोंदवली पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूएसयूएसमधील सीव्हीई-२०२५-५९२८७ या गंभीर त्रुटीसाठी मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती द्यावी लागली. ८५३० आणि ८५३१ ही पोर्टे इंटरनेटवर उघडी असलेला डब्ल्यूएसयूएस सर्व्हर कोणत्याही परिस्थितीत चालवू नये.

कॉन्फिगरेशन मॅनेजर या सर्वांपासून मुक्त आहे असा समज असतो. तो चुकीचा आहे. त्याची अपडेट व्यवस्था खाली डब्ल्यूएसयूएसवरच उभी असते, त्यामुळे फुगलेल्या डेटाबेसचा आजार तिलाही होतो आणि वर एसक्यूएल सर्व्हरसह बरीच यंत्रणा सांभाळावी लागते. मोबदल्यात मिळते ते निदानाचे बळ. स्कॅन झाले का हे डब्ल्यूयूएहँडलर लॉग सांगतो, अपडेटचे आदेश पोहोचले का हे अपडेट्स-डिप्लॉयमेंट लॉग सांगतो, आणि फाइल कोणत्या सर्व्हरवरून मागितली हे लोकेशन-सर्व्हिसेस आणि कंटेंट-ट्रान्सफर-मॅनेजर लॉगमध्ये मिळते. डाउनलोड शून्य टक्क्यांवर खिळले असेल आणि यंत्र नुकतेच नव्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या नव्या भागात) आले असेल, तर तो सबनेट कोणत्याही बाउंडरी ग्रुपमध्ये (कोणत्या भागाने कोणता सर्व्हर वापरायचा हे ठरवणाऱ्या गटात) नाही हे जवळजवळ गृहीत धरावे. डब्ल्यूयूएहँडलरमध्ये ग्रुप पॉलिसीची (डोमेनवरून यंत्रांना लागू होणाऱ्या नियमांची) सेटिंग डोमेन कंट्रोलरने बदलल्याची नोंद आढळली, तर डब्ल्यूएसयूएसच्या काळातली एखादी जुनी पॉलिसी अजून जिवंत आहे. स्थानिक पॉलिसी वाचता न आल्याची नोंद असेल, तर त्या यंत्रावरील रजिस्ट्री.पोल ही फाइल खराब झाली आहे. ती बाजूला करून पॉलिसी पुन्हा आणली की काम चालू होते.

इंट्यूनमध्ये अपडेट रिंग, म्हणजे अपडेटच्या वेळा ठरवून दिलेले यंत्रांचे गट, असतात. मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत, नवी आवृत्ती ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते आणि गडबड दिसल्यास ३५ दिवसांपर्यंत थांबवता येते. रिंगमध्ये आपण वेळ ठरवतो, एकेका अपडेटची मंजुरी देत नाही. ज्यांना प्रत्येक अपडेट हाताने तपासण्याची सवय आहे त्यांना हे खटकते. मला मात्र ही सुटका वाटते, कारण एकत्रित मासिक अपडेटच्या काळात निवडून मंजुरी देण्याला फारसा अर्थ राहिलेला नाही. फाइली थेट मायक्रोसॉफ्टकडून येतात, म्हणून शाखेची इंटरनेट जोडणी बारीक असेल तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (यंत्रांनी अपडेटच्या फाइली एकमेकांकडून घेण्याची सोय) नीट बसवावे आणि यंत्रांमध्ये आपसांत ७६८० हे पोर्ट मोकळे ठेवावे. उणीव आहे ती संथपणाची. यंत्र साधारण दर आठ तासांनी हजेरी लावते, अहवाल त्याहूनही मागे असतात, त्यामुळे बदल लागू झाला नाही की अजून पोहोचलाच नाही हे तत्काळ कळत नाही. निदानाच्या फाइली दुरून मागवता येतात, पण त्यासाठी यंत्र सुरू आणि इंटरनेटवर असावे लागते.

साधन बदलून न सुटणारे बिघाड

काही दोष यंत्राचेच असतात. जानेवारी २०२४ मधील केबी५०३४४४१ हे विंडोज १० चे अपडेट ८००७०६४३ या क्रमांकाने अडत असे, कारण पुनर्प्राप्ती विभाजनात लागणारी २५० एमबी मोकळी जागा अनेक यंत्रांवर नव्हती. नवी आवृत्ती चढवताना सी१९००१०१ ने सुरू होणारी त्रुटी आली, तर रोख बहुधा ड्रायव्हरकडे असतो आणि मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग हे साधन पँथर फोल्डरमधील लॉग वाचून कारण सांगू शकते. असे बिघाड तिन्ही मार्गांत सारखेच येतात. त्यांच्यासाठी साधनाला दोष देऊन नवे विकत घेणे व्यर्थ आहे.

रिंगांच्या भरवशाबद्दलही एक गोष्ट ध्यानात असावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. ती फाइल त्या कंपनीच्या स्वतःच्या मार्गाने आली होती, विंडोज अपडेटच्या मार्गाने नव्हे. आपले साधन ज्याचे वाटप करते तेवढेच त्याच्या रिंगांत येते.

निवड

एकाच इमारतीत पन्नास-साठ यंत्रे, स्वतःचे डोमेन आणि इंटरनेट मर्यादित अशी स्थिती असेल, तर डब्ल्यूएसयूएस आणखी काही वर्षे चालवण्यास हरकत नाही, मात्र सफाईची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी असावी. शेकडो यंत्रे, वारंवार पूर्ण इमेज बसवण्याची गरज, इंटरनेटपासून तोडलेले विभाग आणि लॉग वाचणारा किमान एक अनुभवी माणूस असेल, तर कॉन्फिगरेशन मॅनेजरला पर्याय नाही. कर्मचारी लॅपटॉप घेऊन फिरत असतील आणि सर्व्हर सांभाळायला कोणी नसेल, तर सरळ इंट्यून घ्यावे. इंट्यूनच्या परवान्यात त्याच यंत्रांसाठी कॉन्फिगरेशन मॅनेजर वापरण्याचा हक्कही येतो, त्यामुळे दोन्ही एकत्र चालवण्याचा मोह होतो.

तो मोह टाळावा असे मी म्हणणार नाही, पण अपडेटचा मालक एकच ठेवावा. डब्ल्यूएसयूएसचा पत्ता देणारी ग्रुप पॉलिसी आणि अपडेट पुढे ढकलणारी पॉलिसी एकाच यंत्रावर लागली, की यंत्र कधी अंतर्गत सर्व्हरकडे तर कधी थेट मायक्रोसॉफ्टकडे स्कॅन करू लागते आणि मंजुरी न दिलेली अपडेट बसलेली दिसतात. सह-व्यवस्थापनात, म्हणजे ही दोन्ही साधने एकत्र चालवताना, अपडेटची जबाबदारी कोणाकडे हे सरकपट्टीने ठरवता येते. ती हलवण्यापूर्वी जुनी ग्रुप पॉलिसी काढावी, आणि ती खरोखर निघाली का हे एका यंत्राच्या रजिस्ट्रीतील विंडोज अपडेटच्या पॉलिसी विभागात डब्ल्यूयूसर्व्हर ही नोंद शिल्लक आहे का ते पाहून तपासावे.

परवान्यांवर सही करण्याआधी निवडलेल्या साधनाची चाचणी मोजक्या यंत्रांवर घ्यावी. त्यांत एक सर्वांत जुने मॉडेल, एक कार्यालयाबाहेरचा लॅपटॉप आणि एक जवळजवळ भरलेल्या डिस्कचे यंत्र असावे. अपडेट किती यंत्रांवर बसले याबरोबर, न बसलेल्या यंत्राचे कारण आपल्या माणसाला किती वेळात सापडले याचीही नोंद ठेवावी.